चूक समोरच्याची, गाडी माझी: अपघातानंतरची दुरुस्ती आणि पर्यायी गाडी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिग्नलला गाडी उभी होती आणि मागून टेम्पोने ठोकलं. सोसायटीच्या दारात लावलेल्या गाडीचा आरसा आणि दार सकाळी चेपलेलं दिसलं. घाटात समोरून येणारा ओव्हरटेक करताना अंगावर आला. अशा प्रसंगांनंतर लोक जे विचारतात, त्यातून हे पान तयार झालं. मोटार क्लेमच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. त्या काळात मी पाहिलं की चूक नसलेल्या माणसाचं जास्तीत जास्त नुकसान अपघातानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत होतं, आणि तेही माहिती नसल्यामुळे.

इथली उत्तरं महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या खासगी मोटारींसाठी आहेत. कायदा केंद्राचा असल्यामुळे दोन्हीकडे तोच लागू होतो. कुणाला इजा झाली असेल तर माणसाची भरपाई हा वेगळा विषय आहे. इथे फक्त गाडीचं बोलू.

१. चूक पूर्णपणे समोरच्याची आहे. मग माझी गाडी दुरुस्त करून देणार कोण?

तुमच्यापुढे दोन वाटा असतात. तुमचा ‘फुल इन्शुरन्स’ असेल, म्हणजे पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण असेल, तर पहिली वाट तुमच्याच विमा कंपनीकडे जाते. चूक कुणाचीही असो, ही कंपनी दुरुस्तीचे पैसे देते. दुसरी वाट समोरच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्याची. तो प्रत्येक वाहनाला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे, आणि त्याच्या लेखी ‘थर्ड पार्टी’ म्हणजे तुम्ही.

पहिली वाट काही आठवड्यांची असते, दुसरी बऱ्याचदा वर्षांची. म्हणून माझा सल्ला ठरलेला आहे. गाडी आपल्या विम्यातून लगेच दुरुस्त करून घ्या आणि खिशातून गेलेली रक्कम समोरच्याकडून मागा (प्रश्न १५). दोन्ही वाटा एकत्र वापरता येतात, पण एकाच खर्चाचे पैसे दोनदा मिळत नाहीत.

२. माझ्या गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा आहे. मला काहीच मिळणार नाही का?

तुमच्या कंपनीकडून गाडीसाठी काही मिळणार नाही. तो विमा तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर उपयोगी पडतो. समोरच्याकडून आणि त्याच्या विमा कंपनीकडून भरपाई मागण्याचा हक्क मात्र तुम्हाला पूर्ण आहे. जुन्या गाडीवाले बरेच लोक इथेच हात टेकतात, तसं करू नका. तुमच्यासाठी पुरावा आणि पोलीस नोंद दुप्पट महत्त्वाची आहे, म्हणून प्रश्न ३, ४ आणि १५ नीट वाचा.

३. ठोकल्या ठोकल्या, रस्त्यावरच, काय करायचं?

आधी माणसं बघा. कुणाला लागलं असेल तर ११२ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर क्रेन आणि रुग्णवाहिकेची मदत मिळते.

मग गाड्या हलवण्याआधी फोटो काढा. नुसत्या चेपलेल्या पत्र्याचा फोटो पुरत नाही. दोन्ही गाड्या, दोन्ही नंबर प्लेट, रस्त्यावरचा पट्टा किंवा सिग्नल आणि आजूबाजूची ओळखीची खूण, असं सगळं एका चौकटीत हवं. ब्रेकच्या खुणा आणि पडलेल्या काचाही घ्या. सुरुवातीच्या काळात माझ्या स्वतःच्या गाडीला कात्रजच्या उतारावर एका टेम्पोने मागून धडक दिली. मी माझ्या डिकीचे दहा फोटो काढले आणि टेम्पो फ्रेममध्ये आहे असा एकही काढला नाही. महिन्याभराने टेम्पोमालकाने सांगितलं, ‘आमची गाडी त्या दिवशी तिकडे नव्हतीच.’ त्या एका फोटोअभावी माझं प्रकरण वर्षभर रेंगाळलं.

समोरच्या चालकाचं लायसन्स, आरसी आणि विम्याचा कागद यांचे फोटो मागा. साक्षीदाराचं नाव आणि फोन नंबर लिहून घ्या. जवळच्या दुकानात, पेट्रोल पंपावर किंवा सोसायटीत कॅमेरा असेल तर त्याच दिवशी जाऊन रेकॉर्डिंग मागा, कारण जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. टोलरस्त्यावर अपघात झाला असेल तर तुमच्या फास्टॅगची नोंद जपून ठेवा. तुम्ही त्या वेळी तिथे होतात हे त्यातून दिसतं.

आपल्या विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर घ्या.

४. पोलिसांकडे जायलाच हवं का? चौकीत म्हणतात, ‘आपसात मिटवा.’

स्वतःच्या विम्यातून किरकोळ दुरुस्ती करायची असेल तर बहुतेक कंपन्या पोलीस नोंदीशिवाय क्लेम घेतात. समोरच्याकडून एक रुपयाही मागायचा विचार असेल तर मात्र नोंद हवीच. निष्काळजीपणे वाहन चालवण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये आहे आणि तो दखलपात्र आहे. तेव्हा फिर्याद घ्या असं लेखी अर्जातच लिहा आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या. एफआयआर झाली नाही, तरी स्टेशन डायरीतल्या नोंदीचा क्रमांक आणि तारीख मिळवा.

घटनास्थळाचा पंचनामा झाला तर त्यात गाड्यांची दिशा आणि धडकेची जागा बरोबर लिहिली आहे ना, हे सही करण्याआधी वाचा. पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर (प्रश्न १५) वकिलाच्या युक्तिवादापेक्षा त्या दोन ओळींना वजन असतं.

५. समोरच्याने विम्याचा कागद दाखवला नाही. त्याचा विमा कुणाकडे आहे ते कसं शोधू?

गाडीचा नंबर पुरेसा आहे. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की विम्याची मुदत आणि बहुतेक वेळा कंपनीचं नाव दिसतं. तिथे तपशील अपुरा वाटला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १६० वापरा. भरपाई मागणाऱ्याने विचारल्यावर वाहनाचा आणि ते वापरणाऱ्याचा तपशील देणं हे आरटीओचं आणि पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. ठरलेलं शुल्क भरून लेखी अर्ज करा.

६. समोरचा हात जोडून म्हणतो, ‘दादा, तक्रार नको, खर्च मी देतो.’ विश्वास ठेवू का?

माणुसकी नक्की ठेवा, पण कागदावर. रिक्षावाला किंवा डिलिव्हरी करणारा मुलगा असेल तर त्याची भीती खरी असते आणि तीन-चार हजारांचं काम असेल तर आपसात मिटवणं दोघांच्याही सोयीचं. पैसे तिथल्या तिथे यूपीआयने घ्या, म्हणजे नोंद राहते. तारीख, दोन्ही गाड्यांचे नंबर, ‘माझ्या गाडीची धडक बसली’ हे वाक्य आणि रक्कम, एवढं साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करा.

गाडी गॅरेजला उघडल्याशिवाय मोठ्या रकमेचा समझोता करू नका. बंपरखाली रेडिएटरचा सपोर्ट वाकलाय की नाही, हे रस्त्यावर उभं राहून कळत नाही. आणि ‘संपूर्ण भरपाई मिळाली, आता कसलीही तक्रार नाही’ असं लिहून दिलंत की पुढच्या दाव्याचं दार तुम्हीच बंद केलेलं असतं.

७. माझ्या विम्यातून क्लेम केला तर माझ्या खिशातून किती जातील?

एक हिशेब मांडतो. गाडी साडेतीन वर्षांची, इंजिन १,५०० सीसीच्या आतलं, मागून धडक. जीएसटी बाजूला ठेवू.

डिकीचा पत्र्याचा दरवाजा १८,००० रुपये, प्लास्टिकचा बंपर ९,०००, टेललॅम्प ६,०००, मागची काच ७,०००, मजुरी ८,००० आणि पेंटिंग १२,०००. बिल झालं ६०,००० रुपयांचं.

आता घसारा, म्हणजे भाग जुना झाला म्हणून कंपनी कापते ती रक्कम. रबर, नायलॉन आणि प्लास्टिकचे भाग, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर थेट ५० टक्के. काचेवर शून्य. पत्र्यावर गाडीच्या वयानुसार: सहा महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. पेंटिंगचं एकत्र बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग रंगाचा धरतात आणि त्याच्या निम्मा कापतात.

म्हणजे डिकीवर ४,५००, बंपरवर ४,५००, टेललॅम्पवर ३,००० आणि पेंटिंगवर १,५००, असे १३,५०० रुपये गेले. वर सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्हीच भरायची ठरावीक रक्कम, १,००० (१,५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,०००). कंपनी ४५,५०० देईल आणि तुम्ही १४,५०० भराल, चूक नसताना.

झिरो डेप नावाचं ॲड-ऑन (जादा प्रीमियम देऊन घ्यायचं संरक्षण) घेतलेलं असेल तर हा घसारा कापला जात नाही, फक्त वजावट जाते. पण वर्षातून किती क्लेमना झिरो डेप चालेल याला बऱ्याच पॉलिसींत मर्यादा असते, ती आधी वाचा.

टोइंगबद्दलही सांगून टाकतो. साध्या पॉलिसीत अपघातस्थळावरून खासगी गाडी हलवायला १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात. घाटातून क्रेनने गाडी आणायची तर एवढ्यात भागत नाही. रोडसाइड असिस्टन्सचं ॲड-ऑन घेतलं असेल तर आधी त्यांचा नंबर लावा.

८. चूक माझी नव्हती हे कंपनीलाही मान्य आहे. मग नो क्लेम बोनस का गेला?

सगळ्यात जास्त चीड आणणारा प्रश्न हाच, आणि चीड रास्त आहे. हा बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळणारी सवलत. तो दोष कुणाचा ते बघत नाही, क्लेम झाला की नाही एवढंच बघतो. सलग क्लेमविना वर्षांसाठी तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो. स्वतःच्या नुकसानीचा एक क्लेम झाला की शून्यावर येतो.

यामागे विमा कंपन्यांचा आपसातला ‘नॉक फॉर नॉक’ करार आहे. दोन्ही गाड्यांना फुल इन्शुरन्स असेल तर चूक कुणाची हे न भांडता प्रत्येक कंपनी आपापल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करते. कंपन्यांचा वेळ आणि खर्च वाचतो. तुमचा बोनस मात्र त्या व्यवहारात जातो आणि तुम्हाला कुणी विचारतही नाही. हा करार कंपन्यांमधला आहे. त्यामुळे समोरच्याविरुद्ध दावा करण्याचा तुमचा कायदेशीर हक्क जात नाही. कंपनीचा माणूस ‘आता काही करता येत नाही’ म्हणाला तरी ते खरं नाही.

बोनस राखणारं ॲड-ऑन मिळतं. ४५-५० टक्क्यांवर पोचलेल्याने ते जरूर घ्यावं.

९. नुकसान छोटं आहे. क्लेम करू की नको?

प्रश्न ७ आणि ८ चे आकडे शेजारी ठेवा. स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम सवलतीआधी ९,००० असेल आणि पुढच्या वर्षी तुम्हाला ४५ टक्के बोनस मिळणार असेल, तर क्लेममुळे ४,०५० रुपये गेले. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्केच मिळतील, म्हणजे आणखी २,७००. पाच-सहा हजारांच्या डेन्टिंगसाठी क्लेम टाकणं म्हणूनच तोट्याचं. ते पैसे समोरच्याकडूनच घ्या. कंपनीला अपघात कळवणं आणि क्लेमचे पैसे घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा कळवून ठेवा आणि निर्णय एस्टिमेट आल्यावर घ्या.

१०. सर्व्हेअर यायच्या आधी काम सुरू केलं तर चालेल का?

नाही. सर्व्हेअर म्हणजे नुकसान पाहून किती रक्कम द्यायची ते ठरवणारा तज्ज्ञ. त्याने न पाहिलेल्या भागाचे पैसे मागणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. गॅरेजवाला म्हणेल, ‘सर्व्हेअरची वाट बघतोय.’ तुम्ही स्वतः कंपनीला तारखांसह ईमेल करा.

गाडी उघडल्यावर आतलं नवं नुकसान सापडलं तर काम थांबवून पुन्हा पाहणी करायला लावा. बदललेले जुने भाग शेवटच्या पाहणीपर्यंत टाकू देऊ नका. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. कुठे किती कापलं हे त्यात दिसतं आणि प्रश्न १५ मधल्या दाव्याचा तो पाया आहे.

११. गॅरेज माझ्या पसंतीचं की कंपनीच्या?

तुमच्या पसंतीचं. कंपनीच्या जाळ्यातल्या गॅरेजला कॅशलेस मिळतं, म्हणजे कंपनी आपला वाटा थेट गॅरेजला देते, बाहेरच्या ठिकाणी आधी तुम्ही बिल भरता आणि मग परतावा मिळतो. गॅरेज निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: ‘पार्ट स्टॉकमध्ये आहे की मागवायचा?’ एका टेललॅम्पसाठी गाडी तीन आठवडे पडून राहते. त्या दिवसांचा खर्च तुमचा असतो.

१२. दुरुस्ती चालू असताना दुसरी गाडी मिळते का?

आपल्याकडे आपोआप मिळत नाही. साध्या मोटार पॉलिसीत अपघातामुळे होणारं आनुषंगिक नुकसान वगळलेलं असतं, आणि गाडीविना गेलेले दिवस त्यातच मोडतात. तरी चार ठिकाणी विचारून बघा.

पहिलं, तुमच्या पॉलिसीचं ॲड-ऑन. दैनिक भत्ता, पर्यायी वाहन, कर्टसी कार अशा नावांनी ते असतं. काही कंपन्या रोजची ठरावीक रक्कम देतात, काही टॅक्सीची कूपनं, काही लहान हॅचबॅक. बारीक अक्षरांत तीन गोष्टी शोधा. पहिले किती दिवस धरत नाहीत? जास्तीत जास्त किती दिवस देतात? आणि दिवस कधीपासून मोजतात, गाडी गॅरेजला पोचल्यापासून की सर्व्हेअरने मंजुरी दिल्यापासून? पहिले तीन दिवस वगळले आणि तुमचं काम चार दिवसांत झालं, तर हाती एका दिवसाचाच भत्ता येतो. पॉलिसी घेताना एजंट ही ओळ वाचून दाखवत नाही.

दुसरं, गॅरेज. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे कधी कधी एखादी गाडी ग्राहकांना वापरायला ठेवलेली असते. तो हक्क नव्हे, पण गाडी सोडतानाच लेखी विचारलं तर मिळण्याची शक्यता वाढते. पार्ट उशिरा येणार असेल तेव्हा तर विचाराच.

तिसरं, गाडी चालण्याजोगी असेल तर ती लगेच गॅरेजला अडकवून ठेवू नका. सर्व्हेअरची पाहणी करून घ्या, पार्ट मागवा, गाडी घरी आणा आणि पार्ट आल्यावर सोडा. दिवे, दारं, बॉनेटची कडी आणि चाकं धड असतील तरच. हा उपाय फुकटचा आहे आणि फार कमी लोक करतात.

चौथं म्हणजे समोरचा. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

१३. बारा दिवस रिक्षा आणि भाड्याच्या गाडीने फिरलो. ते पैसे समोरच्याकडून मिळतील?

मागता येतात. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे गाडी वापरता आली नाही, त्यासाठी झालेला वाजवी खर्च हे नुकसानच आहे. मात्र ते सिद्ध तुम्ही करायचं असतं. गॅरेजमध्ये गाडी सोडल्याची आणि परत घेतल्याची तारीख असलेलं जॉबकार्ड, रोजच्या प्रवासाच्या पावत्या किंवा यूपीआयच्या नोंदी, आणि गाडी कशासाठी लागत होती याचा एखादा कागद ठेवा: नोकरीचं ठिकाण, घरातल्या कुणाचं डायलिसिस, मुलांची शाळा. लहान गाडी बिघडली म्हणून मोठी एसयूव्ही भाड्याने घेतली, तर वरचा फरक मिळेल अशी आशा धरू नका. पाच दिवसांचं काम तुमच्याच दिरंगाईने वीस दिवस लांबलं, तर पंधरा दिवस तुमचे.

१४. तात्पुरती गाडी घेताना कशापासून जपायचं?

पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे देऊन भाड्याने घेऊ नका. ओळखीतला कुणी ‘रोजचे हजार द्या’ म्हणतो तेव्हा तो आपली खासगी पॉलिसी मोडत असतो, आणि अपघात झाला तर कंपनी हात वर करते. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. गोव्यात अशा गाड्या सगळीकडे दिसतात. मित्राची किंवा भावाची गाडी पैसे न देता वापरली तर विमा चालतो, कारण तो गाडीचा असतो. फक्त त्या गाडीला काही झालं तर बोनस त्याचा जाईल.

१५. कापले गेलेले पैसे समोरच्याकडून वसूल कसे करायचे?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. हे फक्त मृत्यू आणि इजेसाठी असतं असा समज आहे, तो चुकीचा. कलम १६५ मध्ये मालमत्तेचं नुकसान स्पष्ट लिहिलेलं आहे आणि नुकसान २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर तुम्ही न्यायाधिकरणाऐवजी दिवाणी न्यायालयही निवडू शकता. न्यायाधिकरणातला अर्ज अपघाताच्या ठिकाणी, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे करता येतो. मुदत आहे अपघातापासून सहा महिने. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. पूर्वी मुदत नव्हती, त्यामुळे जुने लोक अजूनही ‘कधीही करता येतं’ असं सांगतात. त्यांच्या भरवशावर राहू नका.

विरुद्ध पक्ष म्हणून चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांना घ्या. आधी तिघांना रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा. काही प्रकरणं तिथेच मिटतात आणि दावा दाखल झाल्यावरही लोकअदालतीत तडजोड होऊ शकते.

काय मागायचं? तुमच्या विम्याने न दिलेलं सगळं: घसारा, वजावट, टोइंगचा वरचा खर्च, प्रवास, आणि बुडालेला बोनस. प्रश्न ७ मधल्या माणसाचे १४,५०० आणि पहिल्या वर्षीचा ४,०५० बोनस मिळून १८,५५० रुपये होतात. प्रवासखर्च वेगळा. तुमच्या कंपनीने दिलेले ४५,५०० मात्र तुम्ही पुन्हा मागायचे नाहीत, ते वसूल करण्याचा हक्क कंपनीकडे जातो. क्लेमच्या वेळी ज्या कागदावर सही घेतात त्यात हे लिहिलेलं असतं.

एवढ्या रकमेसाठी वकील करावा का, हे प्रत्येकाने आपलं ठरवावं. फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्याचं पूर्ण बिल या दाव्यात येतं, त्याने मात्र सोडू नये.

१६. समोरच्या विम्यातून जास्तीत जास्त किती मिळू शकतं?

धडक देणारी मोटार किंवा व्यावसायिक वाहन असेल तर मालमत्तेच्या नुकसानीला साधारणपणे ७.५ लाख रुपयांपर्यंत, दुचाकी असेल तर १ लाखापर्यंत. पण थोडा प्रीमियम वाचवायला मालक ही मर्यादा ६,००० रुपयांवर आणू शकतो. तशी पॉलिसी असेल तर वरची रक्कम मालकाकडूनच वसूल करावी लागते. म्हणूनच मालकाला दाव्यातून वगळू नका.

१७. कायद्यात ‘चूक सिद्ध न करता पाच लाख’ आहे असं वाचलं. ते गाडीला लागू आहे का?

नाही. ते कलम १६४. त्यात मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये आहेत, तेही माणसासाठी. ‘नो-फॉल्ट’ या शब्दाने गोंधळ होतो. लोक तो ‘माझी चूक नाही’ या अर्थाने वापरतात, कायद्यात त्याचा अर्थ ‘कुणाची चूक ते बघायचंच नाही’ असा आहे. गाडीच्या नुकसानीसाठी समोरच्याची चूक दाखवावीच लागते.

१८. ठोकून पळून गेला. नंबरही मिळाला नाही.

मग फक्त तुमचा फुल इन्शुरन्स कामाला येईल. पळून गेलेल्या वाहनासाठीच्या सरकारी योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० मिळतात, गाडीला काही नाही. तरीही पोलिसांत नोंद करा. नंतर कॅमेऱ्यात नंबर सापडला तर सहा महिन्यांची मुदत अपघाताच्या दिवसापासूनच मोजली जाते, आणि तेव्हा जुनी नोंद उपयोगी पडते.

१९. समोरच्या गाडीचा विमाच संपलेला होता.

मालक स्वतः जबाबदार. विमा नसताना गाडी चालवणं हा कलम १९६ चा गुन्हा आहे, पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पोलीस अर्जात हे ठळक लिहा. वसुलीत ऐपतीचा प्रश्न येतोच, म्हणून इथे हप्त्यांनी का होईना, लेखी तडजोड बहुधा जास्त फळते.

२०. एसटीच्या बसने ठोकलं. तिचा विमा कुणाकडे शोधू?

शोधू नका. स्वतःचा निधी ठेवणाऱ्या परिवहन उपक्रमांना कलम १४६ नुसार विम्यातून सूट मिळू शकते. महामंडळाच्या स्वतःच्या बसबाबत दावा थेट महामंडळाविरुद्ध करायचा असतो. बस नंबर, आगार आणि चालक-वाहकाचे बिल्ला क्रमांक टिपून घ्या आणि आगारप्रमुखाकडे लेखी अर्ज देऊन पोहोच घ्या.

२१. मागून मला ठोकलं, तरी तो म्हणतो, ‘तुम्ही अचानक ब्रेक मारला.’

पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवण्याची जबाबदारी मागच्याची आहे, हे २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत आहे. तरीही तुमचे ब्रेकलाइट बंद असतील किंवा तुम्ही कारण नसताना द्रुतगती मार्गाच्या मधोमध थांबला असाल, तर न्यायाधिकरण दोष वाटून देतं आणि भरपाई त्या प्रमाणात कमी होते. डॅशकॅम असेल तर मूळ मेमरी कार्ड काढून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या क्लिपवर भागत नाही, आणि न्यायालयात डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

२२. कंपनी म्हणते गाडी ‘टोटल लॉस’. मला ती दुरुस्तच करायची आहे.

दुरुस्तीचा खर्च पॉलिसीत लिहिलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. मग आयडीव्हीतून वजावट जाऊन बाकी मिळते. कर्ज असेल तर आधी बँकेचं. गाडी स्वतःकडे ठेवायची असेल तर भंगाराची किंमत वजा करून हिशेब मागा आणि ती किंमत कशी ठरवली हे लेखी घ्या. प्रीमियम कमी व्हावा म्हणून आयडीव्ही मुद्दाम खाली आणलेल्यांना पश्चात्ताप होतो तो या टप्प्यावर.

२३. दोन महिन्यांपूर्वी जुनी गाडी घेतली. आरसी माझ्या नावावर, विमा जुन्या मालकाच्या.

ही सगळ्यात वाईट फट. थर्ड पार्टीचा भाग कलम १५७ नुसार गाडीबरोबर तुमच्याकडे येतो, स्वतःच्या नुकसानीचा येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. ते राहिलं असेल तर तुमचा क्लेम नाकारला जाईल. समोरच्याविरुद्धचा दावा तरीही करता येतो.

२४. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्याने रिव्हर्स घेताना ठोकलं.

तुमचा फुल इन्शुरन्स जागा बघत नाही, पैसे मिळतील. शेजाऱ्याची थर्ड पार्टी कंपनी मात्र ‘ही सार्वजनिक जागा नाही’ असा मुद्दा काढू शकते, कारण सक्तीचा विमा सार्वजनिक जागेतल्या वापरासाठी आहे. शेजारी रोज समोर येणारा माणूस आहे. इथे प्रश्न ६ ची वाट बरी.

२५. गोव्याला गेलो असताना पेडण्याजवळ धडक बसली. खटल्याला गोव्याला जायचं का?

गरज नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो (प्रश्न १५). पोलीस नोंद आणि पंचनाम्याची प्रत मात्र परत निघण्याआधी तिथूनच घ्या. नंतर फोनवर ती मिळवणं फार जड जातं.

२६. आमची मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिची चूक नव्हती, तर तिला दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली. इथे असं का नाही?

तिथे उधारीवर गाडी देणाऱ्या कंपन्या आहेत. त्या चूक नसलेल्याला गाडी देतात आणि भाडं चूक करणाऱ्याच्या विमा कंपनीकडून वसूल करतात. तिथेही गाडीची खरी गरज आणि वाजवी भाडं दाखवावं लागतं, म्हणून मुलीला म्हणावं, सही करण्याआधी करार वाच, वसुली फसली तर बिल कुणाचं हे त्यात लिहिलेलं असतं. आपल्याकडे भाडं देणारा आणि समोरची विमा कंपनी यांच्यात असा रुळलेला व्यवहार नाही.

२७. कंपनी टाळाटाळ करतेय. कुठे जाऊ?

तुमची स्वतःची कंपनी असेल तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. पीयूसी नव्हतं एवढ्याच कारणाने क्लेम नाकारता येत नाही, हे नियामकाने २०२० मध्येच स्पष्ट केलंय. अमुक कागद नाही म्हणून सरळ नकार देण्यालाही आता मनाई आहे.

समोरच्याची कंपनी टाळाटाळ करत असेल तर लोकपाल आणि ग्राहक आयोग दोन्ही उपयोगाचे नाहीत, कारण तुम्ही तिचे ग्राहक नाही. तिथे न्यायाधिकरणच. तेव्हा ईमेलची उत्तरं येण्याची वाट बघत सहा महिने घालवू नका. पाचव्या महिन्याच्या आत अर्ज दाखल झालेला असू द्या.